जेवणानंतरचा एक तास

आमच्या असोद्यात माणसाची पारख दोन गोष्टींवरून होते. त्याच्या केळीचा घड किती भरला आणि पंगतीत तो स्वतः किती भरला. केळी धाकट्या भावाने सांभाळली आणि मी शिकून जळगावात सरकारी कचेरीत लिपिक झालो, त्यामुळे पहिल्या परीक्षेला मी बसलोच नाही. दुसऱ्या परीक्षेत मात्र पंचक्रोशीत पहिला आलो. हिवाळ्यात शेतांमध्ये भरीत पार्ट्या सुरू झाल्या की मला हमखास निरोप यायचा. कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजायला नव्हे, ती ठेचायलाही नव्हे. मला फक्त जेवायला बोलवायचे. मी मांडी घालून बसलो की बाकीचे स्वतःचं जेवण सोडून माझ्या कळण्याच्या पुऱ्या मोजायचे आणि पाहुण्यांना सांगायचे, हाच तो. कचेरीत वीस वर्षांत माझ्या कामाचं कोणी कौतुक केलं नव्हतं. इथे नुसतं गिळलं तरी होत होतं.

लोकांना दिसायचं ते खोटं नव्हतं, फक्त अर्धं होतं. उरलेलं अर्धं मी घरी येऊन, दार लावून ओकून टाकायचो. बारा वर्षं. सुरुवातीला महिन्यातून एखादे वेळी, मग आठवड्याला, मग रोज. पुढे पुढे पार्टीचीही गरज राहिली नाही. साहेब ओरडले की खायचो, मुलीच्या फीचा फॉर्म भरायचा राहिला की खायचो, काहीच झालं नाही तरी त्या काहीच न होण्यासाठी खायचो. खाताना बरं वाटायचं, नंतर स्वतःची किळस यायची, आणि ओकल्यावर वाटायचं की झालं, आता उद्यापासून शहाणा. त्या उद्याची मी बारा वर्षं वाट पाहिली. या सगळ्याला आजार म्हणतात हे मला माहीत नव्हतं. मी त्याला माझा नालायकपणा म्हणत होतो आणि नालायकपणावर कुठल्या दवाखान्यात पाटी नसते.

पण गाल सुजायला लागले, छातीत धडधडायला लागलं, जिना चढताना पायात गोळे यायला लागले, तेव्हा उपचार घेणं भाग पडलं. पहिल्या तज्ज्ञ आमच्या आईच. तिने असोद्याहून फोनवरच निदान केलं की इतकं जेवणाऱ्या माणसाला नजर लागणारच, आणि पुढच्या रविवारी मीठ-मिरच्या ओवाळून चुलीत टाकल्या. मिरच्यांचा ठसका आला नाही, म्हणजे नजर जबरदस्त होती. त्यावर उतारा म्हणून तिने मला तुपातला शिरा करून घातला. त्याचं पुढे काय झालं ते सांगायला नको.

दुसरे आमचे पिंप्राळ्यातले फॅमिली डॉक्टर. देवमाणूस. त्यांच्याकडे माणूस ताप घेऊन जावो की प्रेमभंग घेऊन, ते जीभ बघतात आणि सलाईन लावतात. मलाही लावली. बाटली संपेपर्यंत त्यांनी मला पित्त कसं वाढतं ते समजावलं आणि जेवण वेळेवर करत जा म्हणून सांगितलं. जेवण मी वेळेवरच करत होतो, फक्त सगळ्याच वेळांवर. हे त्यांना सांगायचं तोंडावर आलं होतं, पण शेजारच्या खाटेवर आमच्या गल्लीतला दूधवाला पडलेला होता. मी पित्तावर समाधान मानलं.

तिसरे पोटाचे स्पेशालिस्ट. त्यांनी नळी घालून माझं पोट आतून पाहिलं, टीव्हीवर मलाही दाखवलं, आणि सूज आहे, तिखट बंद करा म्हणाले. खान्देशच्या माणसाला तिखट बंद करा म्हणणं म्हणजे त्याला हद्दपार करणं, पण मी मान डोलावली. दुखणं म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला, असा तो सगळा कारभार होता. दोष त्यांना तरी कसा द्यावा? म्हशीने तोंडच उघडलं नव्हतं.

ते उघडलं शेवटी दातांच्या डॉक्टरणीपुढे, आणि तेही तिने उघडायला लावलं म्हणून. थंड पाणी लागलं की दात शिवशिवायचे. तिशीतली मुलगी होती, नुकताच दवाखाना टाकलेला, भिंतीवर हसऱ्या दातांची चित्रं. तिने आरसा घालून माझ्या वरच्या दातांची आतली बाजू बराच वेळ पाहिली. मी आधीच सांगून टाकलं की मला लिंबूसोडा फार आवडतो. ती म्हणाली, सोड्याने दात पुढून झिजतात, तुमचे मागून झिजलेत. मग तिने सहायक मुलीला बाहेर काहीतरी आणायला पाठवलं, खुर्ची जवळ ओढली आणि हळूच विचारलं, "काका, उलटी होते का तुम्हाला? की तुम्ही करता?"

बारा वर्षांत मला हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. नळी घालणाऱ्याने नाही, सलाईन लावणाऱ्याने नाही. तोंडात कापूस असल्यामुळे मला नीट खोटंही बोलता येईना. मी मान हलवली आणि पंचेचाळीस वर्षांचा घोडा त्या हसऱ्या दातांखाली रडलो. तिने रडू दिलं. मग सांगितलं की उलटीनंतर लगेच ब्रश करू नका, आधी साध्या पाण्याने चूळ भरा. बाकी दातांचं ती बघेल, पण दातांच्या वरचं तिच्या हातात नाही, त्याला चार माणसं लागतील. तिने कागदावर लिहूनच दिली. रक्त आणि हृदय बघणारा फिजिशियन, मानसोपचाराचा डॉक्टर, बोलून उपचार करणारे मानसशास्त्रज्ञ आणि आहारतज्ज्ञ. ती अगदी उत्साहाने सांगत होती. चार माणसं म्हटल्यावर आमच्या डोळ्यांपुढे वेगळंच चित्र येतं हे तिच्या गावी नव्हतं.

फिजिशियनने रक्त तपासलं, हृदयाची पट्टी काढली, आणि रिपोर्ट बघून आधी हसला. असोद्याचा माणूस आणि पोटॅशियम कमी. केळीच्या गावातून ही तक्रार घेऊन आलेला मी त्याचा पहिला पेशंट. मग त्याचं हसू गेलं. उलट्यांमधून पोटॅशियम वाहून जातं, ते असंच उतरत राहिलं तर हृदयाची लय बिघडते आणि एके दिवशी ते थांबू शकतं, म्हणाला. तुमच्या कचेरीसारखं ते आधी नोटीस काढत नाही. त्याने पिण्याचं कडू औषध दिलं, दर पंधरा दिवसांनी रक्त तपासायला सांगितलं, आणि घरी कोणाला माहीत आहे का विचारलं. मी नाही म्हणालो. सांगा, म्हणाला. मी हो म्हणालो, म्हणजे नाही.

आता प्रश्न मानसोपचाराच्या डॉक्टरचा. जळगावात ते आहेत, सरकारी दवाखान्यातही तो विभाग आहे आणि तिथे केसपेपरपलीकडे फारसा खर्चही नाही. पण केसपेपर काढणारा आमच्याच कॉलनीतला. खासगी डॉक्टरांच्या दारात उभं राहावं तर समोर चहाची टपरी, आणि टपरीवर अख्खं जळगाव. म्हणून मी फार डोकं लढवून धुळे निवडलं. दोन-अडीच तासांची एसटी, जळगावचं कोणी बघणार नाही. तिथल्या वेटिंगमध्ये पोचलो तर बाकावर जळगावचे तिघं बसलेले. एक तर आमच्याच कचेरीतला, वरच्या मजल्यावरचा. आम्ही एकमेकांना नमस्कार केला, दोघांनीही आपण मित्राची चौकशी करायला आल्याचं सांगितलं आणि दोन तास आपापल्या मित्राची वाट पाहिली. धुळ्याचे लोक म्हणे याच कामासाठी जळगावला जातात. एसटी महामंडळ उगाच तोट्यात आहे.

कंपाउंडरने दार उघडून जळगावहून खाण्याच्या प्रॉब्लेमसाठी कोण आलंय म्हणून विचारलं. सगळ्यांनी माझ्या पोटाकडे पाहिलं आणि सगळ्यांचं एकमत झालं. शेजारी भडगावचे एक आबा बसले होते. ते म्हणाले, आमच्या नातीलाही तोच प्रॉब्लेम आहे, पण ती काहीच खात नाही. तुमचं तसं दिसत नाही. मी म्हटलं, हो, माझं तसं दिसत नाही. माझ्या आयुष्याचा इतका नेमका सारांश मला स्वतःलाही करता आला नसता.

डॉक्टर बरे निघाले. त्यांनी आजाराला नाव दिलं, तो पुरुषांनाही होतो आणि पुरुष तो उशिरा सांगतात असं सांगितलं. एक गोळी लिहून दिली. तिने खा-खा आणि ओकण्याचा फेरा सैल पडतो, पण गोळी म्हणजे अर्धंच काम, उरलेलं अर्धं बोलून आणि नीट जेवून करायचं, म्हणाले. नालायकपणावर गोळी निघते हे कळून मला इतकं हलकं वाटलं की मी बाहेर पडून गुणगुणायला लागलो.

आणि एसटी स्टँडवर पोचलो तर समोर मेहुणा उभा. माझी सासुरवाड धुळ्याची आहे हे मी विसरलो नव्हतो, पण बायकोला धुळ्याला ट्रेनिंगला चाललोय असं सांगितलं होतं आणि तिने ते आईला कळवलं होतं. गावात आलेला जावई न जेवता परत जाणं म्हणजे सासूबाईंच्या चार पिढ्यांची नाचक्की. घरी पोचलो तर अंगणात चूल पेटलेली, तिच्यावर खापर पालथं घातलेलं, आणि सासूबाई हातावर मांडा फिरवत होत्या. पुरणाचे मांडे, वर तूप, वर दूध, मागून झणझणीत रस्सा. आमच्याकडे 'नको' म्हणजे 'लाजतोय, अजून एक वाढा'. मी चारदा नको म्हणालो आणि चार मांडे वाढले गेले. आजाराच्या पहिल्या गोळीचं पाकीट खिशात असताना मी त्यांच्या मोरीत जाऊन ते सगळं ओकलो. बाहेर सासूबाई शेजारणीला सांगत होत्या की आमच्या पाहुण्यांचा हात कधी आखडत नाही. सासूबाईंनी ते सगळं भर उन्हात चुलीपुढे बसून केलं होतं. मला स्वतःची इतकी शरम त्याआधी कधी वाटली नव्हती.

पुढे दर महिन्याला ट्रेनिंग लागायचं आणि दर महिन्याला मांडे व्हायचे. ताकाला जाऊन भांडं लपवणाऱ्याचं ताकही नासतं, एवढं मी शिकलो.

बोलून उपचार करणाऱ्या बाई धुळ्याच्या डॉक्टरांनीच सुचवल्या. या आजाराचं काम केलेलं आसपास कोणी नव्हतं, त्या पुण्याला बसून मोबाईलवर पेशंट बघायच्या. मोबाईल माझ्याकडे होता, जागा नव्हती. दोन खोल्यांचं घर, एका खोलीत बायकोचं शिलाई मशीन आणि ब्लाउज शिवायला आलेल्या बायका. म्हणून दर गुरुवारी संध्याकाळी कचेरीतून मी स्कूटरने असोद्याला जायचो आणि भावाच्या केळीच्या बागेत ठिबकच्या नळ्यांमध्ये पोतं टाकून बसायचो. बाई विचारायच्या, खाण्याआधी नेमकं काय वाटलं होतं. मी केळीच्या पानांकडे बघून सांगायचो. बागेतल्या मजुरांनी भावाला विचारलं की तुमचे दादा मोबाईलवर कोणाला सारखं सॉरी म्हणतात. भावाने त्यांना सांगितलं की ते सरकारी काम आहे.

बाईंनीच मला एका ऑनलाइन गटातही घातलं. तिथे आजारातून उठणारी माणसं आठवड्यातून एकदा एकमेकांशी बोलायची. मी सोडून सगळ्या मुली, कॉलेजातल्या. मी कॅमेरा बंद ठेवून बसलो होतो. एकीने फार अदबीने विचारलं, काका, तुम्ही कोणाचे वडील? मी म्हटलं, मी माझ्यासाठीच आलोय. कोणी हसलं नाही. तिने जेवणानंतर काय होतं ते सांगितलं, आणि तिचं वाक्य ती पुरं करण्याआधी मला पाठ होतं. माझी मुलगी तिच्याच वयाची, नाशिकला होस्टेलवर. त्या दिवशी मी तिला फोन करून उगाचच जेवलीस का विचारलं.

राहिला आहारतज्ज्ञ. आधी एकजण आमच्या रस्त्यावरच्या जिमच्या वर सापडला. दंडाचा घेर माझ्या मांडीएवढा. त्याने माझं वजन केलं, पोट चिमटीत धरलं आणि संध्याकाळनंतर जेवण बंद करून पावडरचा डबा घ्यायला सांगितला. दिवसभर उपाशी राहिलं की रात्री भांडी पुसून खाणं येतं हा माझा बारा वर्षांचा अनुभव होता, पण त्याच्याकडे दंड होते. दुसऱ्या बाई दवाखान्यात बसायच्या. त्यांनी वजनकाट्याकडे बोट केलं नाही. तीन वेळा जेवण, मध्ये दोन वेळा थोडं खाणं, कुठलाही पदार्थ पाप नाही आणि कुठलंही जेवण चुकवायचं नाही, इतकंच लिहून दिलं. मग विचारलं, घरी कोणाबरोबर जेवता?

मी म्हटलं, बायको वाढते. त्या म्हणाल्या, ते नाही विचारलं, बरोबर कोण जेवतं? आमच्याकडे पुरुष बसतो, बाई तव्यावरून गरम भाकरी आणून टाकत राहते आणि मागून कधीतरी जेवते. ते बघायला कोणी जात नाही. बाईंनी लिहिलं की जेवताना एक माणूस समोर बसून जेवेल, आग्रह करणार नाही, आणि जेवणानंतर एक तास माझ्याबरोबर राहील. म्हणजे मी मोरीकडे उठणार नाही. हाच तास सगळ्यात अवघड असतो, म्हणाल्या. तो एकट्याने काढायचा नाही.

थोडक्यात, चारही तज्ज्ञ एकाच दगडापाशी येऊन थांबले होते. बायकोला सांगा. आणि नेमकं तेच मला जमत नव्हतं. साहेबांना सांगितलं असतं, आईला सांगितलं असतं, एसटीतल्या शेजाऱ्याला सांगितलं असतं. पण जिने एकोणीस वर्षं दोन्ही वेळ रांधून घातलं तिला कसं सांगायचं, की बाई, तू केलेलं मी गटारात टाकत होतो? बागेत बसून मी वाक्य पाठ केलं. केळीच्या झाडांना तीनदा म्हणून दाखवलं. त्यांनी काही आक्षेप घेतला नाही. घरी आलो की घशातून फक्त 'भाजी छान झाली' एवढंच निघायचं.

असे दोन महिने गेले आणि एके दिवशी कचेरीच्या जिन्यात मी खाली बसलो तो उठलोच नाही. फिजिशियनकडे दोन दिवस ठेवून शिरेतून पोटॅशियम दिलं, छातीला वायरी लावल्या. बायको उशाशी बसून होती. तिला वाटत होतं ऊन लागलं. घरून डबा आणून ती मला घास घास भरवत होती आणि अशक्तपणा जेवल्याशिवाय कसा जाईल म्हणून डॉक्टरला विचारत होती. ती डबा धुवायला गेली तेव्हा तो माझ्याजवळ आला. "मी त्यांना सांगू शकत नाही, ते तुमचं आहे," तो म्हणाला. "पण त्यांच्याशिवाय मी तुम्हाला वाचवू शकत नाही. पुढच्या वेळी जिन्यात उचलायला सरकारी माणसं असतीलच असं नाही." मला पहिल्यांदाच खरोखर भीती वाटली. मरायची वाटली, आणि ती शेवटपर्यंत स्वतःच्या स्वयंपाकाला बोल लावत राहील याची त्याहून जास्त.

घरी आल्यावरच्या रविवारी, सकाळच्या स्वयंपाकाला ती बसली होती, शिवायला कोणी आलेलं नव्हतं. मी स्वयंपाकघराच्या दारात स्टूल घेऊन बसलो. पाठ केलेलं वाक्य विसरलो. जसं आलं तसं सांगितलं, गोळ्या दाखवल्या, ट्रेनिंग खोटं होतं तेही सांगितलं. ती भाकरी थापत राहिली. ती तव्यावर टाकली, पाणी फिरवलं, उलटली. किती वर्षं, तिने विचारलं. मी सांगितलं. आईच्या घरीसुद्धा? मी हो म्हणालो. मांडे? मांडेसुद्धा, म्हणालो.

आम्ही घरात साधं मराठी बोलतो. ती माहेरच्या बोलीत फक्त आईशी बोलते, किंवा फार लागलं तर.

"माले वाटे," ती म्हणाली, "मना हातनं तुम्हले आवडस."

मग गॅस बंद करून ती आतल्या खोलीत गेली आणि मशीनवर बसली. कोणाचा तरी ब्लाउज शिवत होती, की नुसतंच पायडल मारत होती, मी बघायला गेलो नाही. मी त्याच स्टुलावर बसून राहिलो. तासाभराने ती बाहेर आली. डोळे पुसलेले होते. आहारतज्ज्ञ बाईंचा कागद तिने नीट वाचला, दोनदा वाचला, आणि मांडणीवरून दोन ताटं काढली.

अशी आम्ही लग्नानंतर पहिल्यांदा समोरासमोर जेवायला बसलो. मला दोन भाकऱ्या आणि वाटीभर गिलक्याची भाजी. नियमाप्रमाणे आग्रह नव्हता. आणि तिने स्वतःच्या ताटात घेतली अर्धी भाकरी, तिच्यावर ठेचा आणि कच्चं तेल. पातेल्यात भाजी तशीच होती. मी म्हटलं, भाजी घे ना. ती म्हणाली, असू द्या, सवय नाही. भाजीची सवय नाही म्हणजे काय, मी विचारलं. ती अगदी सहज म्हणाली की मला वाढून झाल्यावर ती शिवलेले कपडे द्यायला जाते, आणि येईपर्यंत पातेलं रिकामं असतं. माझा हात परत पातेल्यात जातो हे तिला पहिल्यापासून ठाऊक होतं. तिने जास्त करून पाहिलं होतं, तर मी जास्तही संपवलं होतं. मग तिने सोडून दिलं. नवऱ्याला आपल्या हातचं इतकं रुचतं की तो भांडं पुसून खातो, हे ती गल्लीत अभिमानाने सांगायची. आणि घरी येऊन ठेच्याशी भाकरी खायची.

बारा वर्षं मी माझं जेवण ओकत होतो असं मला वाटत होतं. आधी मी माझं जेवत होतो, मग तिचं. आणि ओकत होतो ते दोघांचं. चार तज्ज्ञांना मी सगळं सांगितलं, केळीच्या झाडांनाही सांगितलं. पण ती मागून काय जेवते हे मी कोणाला सांगितलं नाही, कारण त्याचं मला कधी काही पडलेलंच नव्हतं.

त्या दिवशीचा तास आम्ही दोघांनी काढला. ती काज-बटणं करत होती आणि मी तिला दोरा ओवून देत होतो. अवघड होता. दोनदा मी उठायला गेलो, दोनदा तिने न बघता माझा सदरा धरला. नंतरचे सगळेच तास असे निघाले नाहीत, काही हुकले. हुकले की आता मी तिला सांगतो. फिजिशियन हल्ली महिन्यातून एकदाच रक्त बघतो. धुळ्याला जातो तो तिला घेऊन जातो, आणि सासूबाईंना तिने काय सांगितलं देव जाणे, पण आता एकच मांडा वाढला जातो आणि शेजारणीला काही सांगितलं जात नाही.

आहारतज्ज्ञ बाईंकडे पुढच्या खेपेला आम्ही दोघं गेलो. मी कसा जेवतो ते ती सांगत होती, भाकऱ्या, वेळा, सगळं चोख. बाईंनी ऐकून घेतलं, पण त्या माझ्याकडे बघतच नव्हत्या. त्यांनी तिच्या पापण्या खाली ओढून पाहिल्या, नखं पाहिली आणि रक्त तपासायची चिठ्ठी लिहिली, तिच्या नावाची. तिने आजार यांना आहे म्हणून दोनदा सांगून पाहिलं. बाई म्हणाल्या, त्यांचं चाललंय, आता तुमचं बघू. मग एक कोरा कागद पुढे ओढून त्यांनी विचारलं, तुम्हाला काय खायला आवडतं?

ती विचार करायला लागली. पदर बोटाला गुंडाळला, सोडला. बराच वेळ झाला तरी तिला काही आठवेना. मग तिने माझ्याकडे पाहिलं, मला माहीत असेल म्हणून.

मला माहीत नव्हतं.